सारखे, पण कशात?

'सगळे एकाच माळेचे मणी', 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच'. निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर ही वाक्ये हमखास कानावर पडतात. बोलणाऱ्याला दोन उमेदवारांची तुलना करायची नसते, टाळायची असते. सगळे सारखेच म्हटले की कुणाचे काम तपासायला नको आणि आपण मत कुणाला दिले याचा स्वतःला जाब द्यायलाही नको. विज्ञानात मात्र दोन गोष्टी तुल्य आहेत असे म्हणायचे तर आधी बराच खटाटोप करावा लागतो. तो खटाटोप नीट पाहिला तर आपल्या बोलण्यातले पुष्कळसे 'सारखेच' डळमळीत होईल. यंदाचे संपादकीय त्यासाठी.

गणिताने तुल्यतेला तीन अटी घातल्या आहेत. प्रत्येक वस्तू स्वतःशी तुल्य हवी. 'अ' हा 'ब'शी तुल्य असेल, तर 'ब'ही 'अ'शी तुल्य हवा. आणि 'अ' 'ब'शी, 'ब' 'क'शी तुल्य असेल, तर 'अ' आणि 'क' यांनाही तुल्य असावेच लागते. शाळेतले सममूल्य अपूर्णांक या तिन्ही अटी मुकाट पाळतात. अटी इतक्या उघड दिसतात की त्या मुद्दाम लिहायच्या कशाला, असे वाटावे. व्यवहारात उतरले की त्या अवघड होऊन बसतात.

दुसऱ्या अटीचेच घ्या. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या जेम्स जूलने दोरीला वजने बांधून ती खाली सोडली. त्या ओढीने पाण्यातली वल्ही फिरली आणि पाणी किंचित तापले. पुनःपुन्हा मोजून 1850 मध्ये त्याने आकडा दिला: 772 पौंड वजन एक फूट खाली येण्यात जितके कार्य होते, तितक्याने एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढते. उष्णता आणि कार्य यांचा हिशेब जुळला. पण कार्याची सगळीच्या सगळी उष्णता करता येते. उलट दिशेने, उष्णतेवर चालणारे यंत्र मिळालेल्या सगळ्या उष्णतेचे कार्य करू शकत नाही. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशातून निघालेली निम्म्याहून अधिक उष्णता वीज न होताच बाहेर पडते. तुल्यता आकड्यांत आहे. जाण्यायेण्याची वाट मात्र दोन्ही दिशांनी सारखी नाही.

तिसरी अट औषधांच्या दुकानात कसाला लागते. चिठ्ठीवरची गोळी नसली की काउंटरपलीकडून उत्तर येते, "कंपनी वेगळी आहे, कंटेंट सेम." या 'सेम'मागे जैवतुल्यतेची चाचणी असते, निदान असायला हवी. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांच्या अंतराने पर्यायी औषध देतात. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त काढून त्यातले औषधाचे प्रमाण मोजतात. एकूण किती औषध रक्तात उतरले आणि त्याची पातळी जास्तीत जास्त कुठवर चढली, हे दोन आकडे महत्त्वाचे. पर्यायी आणि मूळ औषधाच्या या आकड्यांचे गुणोत्तर, मोजणीतली अनिश्चितता धरूनही, 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसले तर दोन्ही तुल्य. 80 आणि 125 ही जोडी विचित्र वाटते, पण 80 टक्के म्हणजे चार पंचमांश आणि 125 टक्के म्हणजे पाच चतुर्थांश. एक दुसऱ्याचा व्यस्त. कुणाची तुलना कुणाशी केली याने निकाल बदलू नये, म्हणून ही जोडी. दुसरी अट इथे काटेकोरपणे सांभाळली आहे.

तिसरी अट मात्र सुटते. मूळ औषधापेक्षा किंचित कमी उतरणारी एक गोळी आणि किंचित जास्त उतरणारी दुसरी, दोन्ही मूळ औषधाशी तुल्य ठरतात. त्या एकमेकींशी तुल्य आहेत का, हे कुणी तपासलेले नसते. यात घाबरण्यासारखे काही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 ते 2007 या काळातल्या दोन हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या, तेव्हा रक्तात उतरणाऱ्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. बहुतेक औषधांत एवढ्याने काही बिघडत नाही. अपस्मारावरच्या काही औषधांत मात्र थोडा फरकही महागात पडू शकतो, म्हणून परस्पर कंपनी बदलू नका, असे डॉक्टर बजावतात. स्वस्त पर्यायी औषध घ्यावेच. फक्त 'सेम' म्हणजे कुठल्या मर्यादेत सेम, हे जाणून घ्यावे.

कधी कधी तुल्यता किती वर्षांचा हिशेब धरता यावरही ठरते. हवामानबदलाच्या चर्चेत सगळे वायू 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' या एकाच मापात मांडतात. भातखाचरांतून, गुरांच्या पोटातून, कचऱ्याच्या डेपोतून निघणारा मिथेन वातावरणात सुमारे बारा वर्षे टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके राहतो. म्हणून शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक टन मिथेन साधारण 28 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि वीसच वर्षे धरली तर 80 टनांहूनही अधिक. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला वापरायचा हे ठरवताना पुढच्या वीस वर्षांची काळजी मोठी की शंभर वर्षांची, याचाही निर्णय होऊन जातो. तो निर्णय उघड सांगणे, हा विज्ञानाचा प्रामाणिकपणा.

हा प्रामाणिकपणा घरात कितपत दिसतो? 'आम्हाला मुलगा-मुलगी सारखीच' हे वाक्य आज बहुतेक घरांत अभिमानाने म्हटले जाते. शाळेची फी, कपडे, वाढदिवस, मोबाइल यांत ते पुष्कळसे खरेही झाले आहे. पण वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली की थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. कायद्यात ही दरी केव्हाच मिटली. महाराष्ट्राने 1994 मध्येच लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देण्याची दुरुस्ती केली आणि 2005 मध्ये देशभर ती व्यापक स्वरूपात झाली. तरी सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव कमी होते, आणि भाऊबीजेला तबकात पैठणी पडली की सगळे मिटले असे मानले जाते. बहीण स्वखुशीने सही करत असेलही. तिला आधी मोकळेपणाने विचारले होते का, एवढेच पाहायचे.

'हल्ली सगळे दिवाळी अंक सारखेच' ही तक्रारही दरवर्षी आमच्या कानावर येते. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये ही परंपरा सुरू केली. कथा, कविता, ललित, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य हा साचा पुढे मोठ्या प्रमाणात रूढ झाला, हे मान्य. साचा सारखा असला तरी आतला मजकूर सारखा आहे का, हे अंक वाचूनच ठरवावे लागेल. वाचून झाल्यावर जे आवडले नाही ते स्पष्ट कळवा. नुसते 'सारखेच' म्हणून सोडून देऊ नका. आणि या भाऊबीजेला ओवाळणीआधी बहिणीच्या हक्काचा विषय घरात एकदा काढा.