रत्नपारख : नाशिकचे पॉवेलाइट

नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील दगडखाणींत सापडलेल्या पॉवेलाइट या दुर्मिळ खनिजामुळे जगभरच्या संग्राहकांना नाशिक परिचित आहे. कॅल्शियम, मॉलिब्डेनम व ऑक्सिजन यांचे हे संयुग काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पिवळसर स्फटिकरूपाने आढळते. लघुतरंगी अतिनील किरणांत ते पिवळे उजळते. हिऱ्याचे काठिण्य १०, याचे साडेतीन ते चार; त्यामुळे अंगठीत ते टिकत नाही. हिऱ्याचे मोल पैलूंनी वाढते, याचे अस्पर्श राहण्याने. कडा अभंग, स्फटिक मूळ खडकावर आणि प्राप्तिस्थानाची नोंद सोबत, असा नमुना श्रेष्ठ. तडकलेला वा चिकटवून सांधलेला नमुना मोल गमावतो. म्हणून खरेदीपूर्वी भिंगाखाली सांधा शोधावा. खडी फोडताना ज्याची नजर चुकते, त्याच्या हातून हेच धन रस्त्याखाली जाते.