भिंतीस नमस्कार

गेल्या दिवाळीत आमची अकरा वर्षांची नात मुंबईहून अंतरवाली सराटीस आली होती. तिकडे ती बॅले हे पाश्चात्त्य नृत्य शिकते. रोज सकाळी केसांचा घट्ट अंबाडा बांधून, ओसरीवरील खुर्चीच्या पाठीस एक हात लावून ती अर्धा तास सराव करी; आणि शेवटी समोरच्या भिंतीपुढे एक पाऊल मागे घेऊन, गुडघे लववून वंदन करी. आम्हांस हसू आवरेना. "भिंतीस कसला नमस्कार?" आम्ही पुसले. ती म्हणाली, "आजोबा, बाई इथे नाहीत म्हणून नमस्कार सोडायचा का?"

आम्ही निरुत्तर झालो. मग तिच्याकडूनच त्या वर्गाची रीत समजली. उशीर झाल्यास दारापाशी थांबून अनुज्ञा घ्यावी. सरावाच्या दांड्यावर रेलू नये. एकीची चूक बाईंनी सुधारली, तर ती प्रत्येकीने आपलीच मानावी. अखेरचे वंदन गुरूस आणि वाद्य वाजविणारासही करावे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिसात नृत्याची अकादमी स्थापिली. त्या दरबारी वळणाची खूण या वंदनात उरली आहे. पदन्यासांची नावेही अद्यापि फ्रेंचच आहेत.

आपल्याकडील रीत याहून फारशी निराळी नाही. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती स्थापून कथकाच्या शिक्षणास मोठा आधार दिला. कथक शिकणारी मुलगी घुंगरू आधी कपाळास लावते, मग पायी बांधते. भूमीस व गुरूस वंदन करून पहिले पाऊल टाकते. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'त तर घुंगरू काशाचे असावेत, निळ्या सूत्रात ओवावेत, येथपर्यंत नियम सांगितले आहेत.

हा ग्रंथ आम्ही तरुणपणीच वाचला होता. तथापि पुढे शिक्षक असताना एका विद्यार्थिनीने संमेलनात कथक करण्याची परवानगी मागितली, तेव्हा "हे आपल्या घरांत शोभत नाही," असे म्हणून आम्ही ती नाकारली. मुलीने वाद केला नाही. वाकून नमस्कार केला आणि ती निघून गेली. तिची क्षमा मागण्याचे आम्हांस आजवर सुचले नाही.

वाचकहो, मुलगी नृत्यवर्गातून घरी आली म्हणजे नवे काय शिकली हे अवश्य पुसावे. पण तिने केलेल्या नमस्कारास हसू नये.

दुसऱ्या दिवशी सराव संपण्याच्या सुमारास आम्ही त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. नातीने वंदन केले. आम्हीही हात जोडले.