जुने पिस्तूल, नवी गोळी

प्रयागराजच्या, म्हणजे जुन्या अलाहाबादच्या, संग्रहालयात चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल काचेच्या पेटीत ठेवले आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कात पोलिसांनी घेरल्यावर आझाद अखेरपर्यंत ज्या शस्त्राने लढले, ते हे शस्त्र. काही वर्षांपूर्वी मी त्या पेटीसमोर उभा होतो. शेजारी शाळेतल्या मुलांची रांग होती. त्यातल्या एकाने शिक्षकांना विचारले, असले पिस्तूल आता विकत मिळते का? शिक्षक म्हणाले, छे, ते बनवणे केव्हाच बंद झाले.

शिक्षकांचे म्हणणे अर्धेच खरे होते. ते पिस्तूल म्हणजे अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे .३२ बोअरचे, १९०३ सालचे 'पॉकेट हॅमरलेस' मॉडेल. कंपनीने त्याचे उत्पादन १९४५ च्या सुमारास थांबवले, हे खरे. पण २०१५ साली कोल्टच्याच परवान्याने 'यू. एस. आर्मामेंट' या अमेरिकन कंपनीने ते पुन्हा घडवून बाजारात आणले. किंमत हजार डॉलरच्या वर. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. बंद पडलेले जुने खिशातले पिस्तूल पुन्हा बनवावे काय? अमेरिकेतील शौकिनांत ही मागणी आज या मॉडेलसाठी, उद्या त्या मॉडेलसाठी उठतच असते. प्रश्न दूरचा वाटतो, पण तो वाटतो तितका दूरचा नाही.

आधी या वस्तूची ओळख करून घेऊ. तिचा कर्ता जॉन मोझेस ब्राउनिंग. हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर जी वीस पिस्तुले पाठवली ती ब्राउनिंगची होती, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगचेच. कोल्टसाठी याच माणसाने आखलेले १९०३ चे पिस्तूल पावणेसात इंच लांब, वजन पाऊण किलोहून कमी, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. 'हॅमरलेस' हे नाव फसवे आहे. घोडा आहेच, पण तो आत दडवलेला आहे, कोटाच्या खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून. चाळीस-बेचाळीस वर्षांत अशी साडेपाच लाखांहून अधिक पिस्तुले हार्टफोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडली. अमेरिकी सैन्याच्या जनरलांना ती कमरेला लावण्यासाठी दिली जात. कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर १९३४ साली शिकागोत केंद्रीय तपास यंत्रणेच्या गोळ्यांनी पडला तेव्हा त्याच्याजवळ याच घराण्यातले .३८० बोअरचे पिस्तूल होते. आणि १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी खेडच्या राजगुरूंनी झाडली, त्यापाठोपाठ भगतसिंगांनी जे चालवले ते पिस्तूलही .३२ चे कोल्टच. हे पिस्तूल पुढे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात पडून होते. गंज चढू नये म्हणून त्याला काळा रंग फासलेला. रंग खरवडला तेव्हा खाली १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि ओळख पटली.

जनरल, दरोडेखोर आणि क्रांतिकारक या तिघांच्याही हातात एकच यंत्र होते. यंत्राला पक्ष नसतो. म्हणून त्याच्या पुनर्जन्माचा विचार करताना त्याच्याभोवतीचे तेज बाजूला ठेवून पाहिले पाहिजे.

पुन्हा बनवावे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. ते म्हणतात, मूळ पिस्तुले शंभर वर्षांची झाली. ती झाडली की झिजतात, आणि न झाडावीत तर ती नुसती कपाटाची शोभा. नवी प्रत मिळाली तर जुनी जपता येईल. दुसरे असे, की .३२ ची गोळी हाताला झटका कमी देते, त्यामुळे वृद्ध किंवा अशक्त माणसाला ती झेपते. तिसरा मुद्दा कारागिरीचा. पोलाद कापून, घासून, निळसर पॉलिश चढवून एक एक नग तयार करण्याची विद्या साच्यातल्या प्लास्टिकपुढे लोपत चालली आहे, ती टिकावी. हा तिसरा मुद्दा मला मनापासून पटतो. आपल्याकडे पैठणीच्या मागाबद्दल आपण हेच बोलतो.

पण पैठणी नेसून कोणी मरत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १९०३ च्या रचनेत घोडा आत असल्यामुळे तो ताणलेला आहे की नाही, हे बाहेरून डोळ्यांना कळत नाही. हाताने लावायचा एक खटका आहे, मूठ आवळल्याखेरीज गोळी सुटू नये म्हणून मागे दुसरा खटका आहे. मॅगझिन काढल्यावर चाप दाबला तरी गोळी सुटू नये, ही सोय कोल्टने १९२६ साली केली, म्हणजे मॉडेल निघाल्यावर तेवीस वर्षांनी. मात्र पिस्तूल हातातून निसटून फरशीवर आपटले तर आतली पिन जागच्या जागी अडवून धरणारा भाग, जो आजच्या बहुतेक पिस्तुलांत असतो, तो यात नाही. हा दोष ब्राउनिंगचा नव्हे, काळाचा. १९०३ सालच्या मोटारीत तरी सीट-बेल्ट कुठे होता? पण ती मोटार कोणी आज पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर काढत नाही. पिस्तूल मात्र लोक भरून खिशात घालतात. हा दोष काढायचा तर आतली रचना बदलावी लागते, आणि रचना बदलली की शौकीनच म्हणतात, हे ते पिस्तूल नव्हेच. जसेच्या तसे बनवावे तर जुनी जोखीम येते, सुधारून बनवावे तर जुनेपण जाते. पुनर्निर्मितीचा हा पेच कोणालाही चुकलेला नाही.

रेमिंग्टन कंपनीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. पेडर्सन नावाच्या आरेखकाचे 'मॉडेल ५१' हे देखणे खिशातले पिस्तूल पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे बनले आणि १९२० च्या दशकातच बंद पडले. २०१४ साली रेमिंग्टनने त्याच तत्त्वावर 'आर ५१' आणले, तेही अधिक जोरदार ९ मि.मी. काडतुसासाठी. स्वागत दणक्यात झाले. पण पहिल्याच खेपेत इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला विक्री थांबवून पिस्तुले परत घ्यावी लागली. सुधारित आवृत्ती २०१६ साली आली, पण गेलेला विश्वास परतला नाही. पुढे २०१८ आणि २०२० अशी दोनदा कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याला कारणे अनेक होती, हे एकच नव्हे. पण जुन्याच्या आठवणीवर नवा कारखाना चालत नाही, एवढे त्यातून दिसले. खुद्द कोल्टनेही २०१५ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२१ साली ती चेक प्रजासत्ताकातील शस्त्र-उद्योगाच्या ताब्यात गेली.

राहिला स्वसंरक्षणाचा मुद्दा. २०१८ साली बाजारात आलेल्या सिग कंपनीच्या 'पी ३६५' या पिस्तुलात कोल्टहून एक इंच कमी लांबीत आणि जेमतेम अर्धा किलो वजनात ९ मि.मी. च्या दहा गोळ्या मावतात. तेव्हा संरक्षणासाठी १९०३ चे मॉडेल हवे, असे कोणी म्हणत असेल तर तो स्वतःचीच समजूत घालतो आहे. त्याला हवी असते ती आठवण. आठवणीला माझी ना नाही. पण आठवणीसाठी झाडता येणारी नळी कशाला हवी?

हा प्रश्न मी हळवेपणाने विचारत नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. घरात, हाताशी असलेल्या शस्त्राने. पिस्तूल मोटारीसारखे भंगारात जात नाही. तेल-पाणी केले तर ते तीन पिढ्या चालते. भगतसिंगांच्या पिस्तुलावर काळा रंग चढला, पण ते नाहीसे झाले नाही. म्हणून आज बनवलेला प्रत्येक नग विकत घेणाऱ्याच्या नातवाच्या ड्रॉवरमध्येही असणार आहे.

आणि हे केवळ अमेरिकेचे दुखणे नाही. आपल्याकडे ९ मि.मी. ची पिस्तुले सामान्य परवानाधारकाला घेता येत नाहीत, म्हणून .३२ हेच बोअर मानाचे ठरले. ऐंशीच्या दशकापासून परदेशी शस्त्रांची आयात बंद, त्यामुळे आजोबांच्या काळातली विलायती पिस्तुले हातोहात लाखांनी खपतात. ब्रिटनच्या जुन्या वेब्ली कंपनीने २०२० साली उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे, भागीदारीत .३२ रिव्हॉल्व्हर बनवण्याचे जाहीर केले, ते याच ओढीच्या भरवशावर. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून कोणाचा तरी जीव घेणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. तिथेही संरक्षण कमी आणि मिरवणे जास्त असते.

मग काय करावे? माझे उत्तर सरळ आहे. पिस्तूल बनवू नका, त्याचे सुटे भाग बनवा. नव्या स्प्रिंगा, नवी मॅगझिने, मुठीच्या पट्ट्या. ज्यांच्याकडे मूळ वस्तू आहे त्यांना ती नीट राखता येईल, कारागिराच्या हाताला काम मिळेल, आणि जगात एकही नवी नळी वाढणार नाही. ज्यांना केवळ रूप हवे, त्यांच्यासाठी गोळी न झाडणारी हुबेहूब प्रतिकृती करा. संग्रहालयांनाही तिचा उपयोग होईल. ती मुलांच्या हातात देता येईल.

त्या रांगेतल्या मुलाला शिक्षकांनी दिलेले उत्तर माहितीच्या दृष्टीने चुकले होते. ते खरे ठरावे, असे मला वाटते. आझादांचे पिस्तूल एकच होते, आणि ते काचेमागे आहे. दुकानातून जे मिळेल ते आझादांचे असणार नाही. ते नुसते पिस्तूल असेल.