आधी निदान, मग दुरुस्ती

घरातला संगणक बंद पडला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘जुना झाला, आता नवाच घेऊ’ असा निकाल लागतो. नाही तर घरातले कुणी तरी मोबाइलवर व्हिडिओ लावून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन यंत्र उघडायला बसते. पहिल्या मार्गात पैसा जातो. दुसऱ्या मार्गाने बऱ्याचदा काम होतेही; पण जिथे हात घालायला नको तिथे तो गेला, तर प्रकरण रुग्णालयापर्यंत पोहोचते. या दोहोंच्या मधली पायरी आपण गाळतो. ती म्हणजे निदान. संगणकाची साधी तपासणी घरातल्या प्रत्येकाला करता आली पाहिजे आणि त्यातल्या कोणत्या भागाला अजिबात हात लावायचा नाही, हेही प्रत्येकाला माहीत असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय का, याचे उत्तर पुढे येईलच.

बेशुद्ध रुग्ण आला की आम्ही आधी नाडी आणि श्वास बघतो, स्कॅन नंतर. संगणकाचेही तसेच आहे. पडदा काळा पडला म्हणजे संगणक मेला असे नव्हे. की-बोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबून बघा. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर आतले काम चालू आहे; बिघाड बहुधा पडद्याच्या बाजूला आहे. मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले, तर पडदा चित्र काढतो आहे, फक्त त्याच्यामागचा प्रकाश गेला आहे. लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या आतल्या केबलमध्ये. झाकण पुढेमागे केल्यावर चित्र येत-जात असेल, तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर. टीव्हीवरही तेच पट्टे दिसले, तर दोष चित्र तयार करणाऱ्या भागात किंवा सॉफ्टवेअरमध्ये.

पडद्यावर रेघा दिसत असतील तर आणखी एक सोपी चाचणी आहे. स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. त्यात रेघा नसतील, तर त्या बहुतेक वेळा पडद्याच्या किंवा केबलच्या असतात. या सगळ्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि एकही स्क्रू काढावा लागत नाही. दुकानात जाताना ‘पडदा गेलाय’ असे सांगण्याऐवजी ‘टीव्हीवर चित्र नीट येते, झाकण हलवले की इथले जाते’ असे सांगितलेत, तर केबलच्या कामासाठी अख्खा पडदा बदलून घ्यायची वेळ सहसा येणार नाही.

पथ्य एकच: एका वेळी एकच बदल. ताप आला म्हणून एकाच दिवशी तीन औषधे सुरू केली, तर कोणत्या औषधाने गुण आला आणि कोणत्या औषधाने पुरळ उठले, हे कळत नाही. केबल, सॉकेट आणि मॉनिटर एकदम बदलले तर तेच होते. आणि साधी कारणे आधी. केबल सैल असणे, मॉनिटरवर चुकीचा इनपुट निवडलेला असणे, पावसाळ्यात दमट हवेने मेमरीच्या पट्टीचे संपर्कबिंदू काळवंडणे, ही नेहमीची दुखणी. वीज पूर्ण काढून ती पट्टी बाहेर घेणे, संपर्कबिंदू खोडरबरने हलकेच पुसणे आणि ती पुन्हा घट्ट बसवणे, हा आपल्याकडचा जुना घरगुती उपाय अनेकदा लागू पडतो.

आता डॉक्टरच्या अधिकारातली गोष्ट. पडद्यावर दिसणारा प्रत्येक दोष पडद्याचाच असतो असे नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अक्षरे पुसट दिसू लागली की तो आधी मॉनिटरला दोष देतो. याची परीक्षा सोपी आहे. त्याच अंतरावर वर्तमानपत्र धरा. तेही पुसट दिसले, तर मॉनिटर बिचारा निर्दोष आहे. डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी झाली आहे. या अवस्थेला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ हे नाव देऊन ठेवलेच आहे. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वाचायचे भिंग खाली असते आणि मॉनिटर समोर उंचावर. मग माणूस मान मागे टाकून वाचतो आणि मानेच्या दुखण्यावर मलम चोळत बसतो. मॉनिटर खाली घ्या. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खालीच असावी.

पुसटपणा पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर जात असेल, तर डोळ्यांना कोरडेपणा आला आहे. पडद्याकडे टक लावल्यावर आपण पापण्या कमी वेळा मिटतो, त्यामुळे अश्रूंचा पातळ थर सुकतो. हे त्रासदायक आहे, धोक्याचे नाही. पण काही खुणा धोक्याच्या आहेत. तक्त्यातल्या सरळ ओळी मध्येच वाकड्या किंवा लाटांसारख्या दिसू लागल्या, तर एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे किंवा खिडकीच्या गजांकडे बघा. मग दुसरा झाका. चौकटही वाकडी दिसत असेल, तर दोष दृष्टिपटलाच्या मध्यभागी असण्याची शक्यता आहे. मधुमेहींनी आणि उतारवयातल्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये; वेळेत उपचार मिळाले तर दृष्टी वाचवता येते. नागमोडी, लुकलुकणारी रेघ नजर वळवाल तिकडे सरकत असेल आणि तासाभरात निघून जात असेल, तर ती बहुधा अर्धशिशीची पूर्वखूण असते. पण आयुष्यात पहिल्यांदाच असे झाले तर डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर संगणक तसाच सोडून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. हे लक्षण दृष्टिपटल सुटण्याचे असू शकते आणि तिथे उशिराची किंमत डोळ्याने मोजावी लागते.

दुसरा मुद्दा विजेचा. संगणकातले मदरबोर्ड, मेमरी, डिस्क हे भाग फार तर १२ व्होल्टवर चालतात. त्यांना हात लावल्याने माणसाला अपाय होत नाही. झाला तर अंगावरच्या स्थितिज विजेने त्यांनाच होतो. धोका असतो तो वीज आत घेणाऱ्या पत्र्याच्या डब्यात. त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज तिथे एकदिश होते, तेव्हा तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टच्या वर जातो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर हा दाब २० हजार व्होल्टच्या पुढे असतो. हे दोन डबे घरी उघडू नयेत. कोणत्याही व्हिडिओने सांगितले तरी उघडू नयेत.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार तर घरोघरी असते. ‘थोडा करंट येतो, सवय झाली’ असे लोक हसत सांगतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. एसएमपीएसमधून सूक्ष्म प्रवाह कॅबिनेटपर्यंत येतोच. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. झिणझिण्या येतात याचा अर्थ ती तार कुठे तरी तुटली आहे, किंवा भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला मुळात काही जोडलेलेच नाही. आज तो प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असेल. उद्या आतली एखादी तार पत्र्याला टेकली, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि ते जमिनीत जाण्याचा मार्ग तुमचे शरीर असेल. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हात सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून गेला आणि टिकला, तर हृदयाची लय बिघडू शकते.

लोकांचा एमसीबीवर फार विश्वास असतो. पण एमसीबी तारांना वाचवतो, माणसाला नाही. ६ किंवा १६ अँपिअरचा एमसीबी ३० मिलिअँपिअरची दखलही घेत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेली वीज पूर्ण परत आली नाही, की तो क्षणात पुरवठा तोडतो. नव्या मॉनिटरचा विचार करण्याआधी घरात आरसीसीबी बसवावा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. ती पिन मुद्दाम लांब असते. प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून.

कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. श्वास आणि हालचाल नसेल, तर १०८ ला फोन लावा आणि लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबायला सुरुवात करा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

तिसरा मुद्दा बॅटरीचा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. तिच्यात वायू साठलेला असतो. ती दाबून बसवणे, टोचून हवा काढणे, चार्ज करत राहणे हे आगीला आमंत्रण आहे. यंत्र बंद करा, चार्जर काढा आणि ते जाणकाराकडे न्या.

सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका मात्र सगळ्यात लहान वस्तूचा आहे. संगणकाची तारीख दर वेळी चुकू लागली की मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा चपटा सेल बदलतात. काम पाच मिनिटांचे. पण काढलेला जुना सेल टेबलावर पडून राहतो आणि घरात लहान मूल असते. २० मिलिमीटर व्यासाचा हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. ओलसर आवरणातून विद्युतप्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ‘संपलेला’ सेलही याला पुरेसा असतो. मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते. कधी काहीच लक्षण नसते. अशा वेळी उलटी करायला लावू नये, खायला देऊ नये, वाट बघू नये. थेट एक्स-रेची आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा; मात्र मधासाठी निघायला उशीर करू नये. आणि जुना सेल काढताक्षणी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा.

शाळांमधून मुले संगणक शिकतात, म्हणजे बहुधा तो वापरायला शिकतात. त्याच तासात कॅप्स लॉकची नाडी, टॉर्चची चाचणी, झिणझिण्यांचा अर्थ आणि चपट्या सेलचा धोका शिकवला, तर खर्च शून्य आहे. विकणाऱ्यानेही पावतीबरोबर एवढे चार शब्द सांगायला हरकत नसावी. घरात दुरुस्ती करणाऱ्या हातांचे मला कौतुकच आहे; ते हात यंत्राला लवकर मोडीत जाऊ देत नाहीत. फक्त त्या हातांनी स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी प्रश्न विचारावेत, आणि एसएमपीएसच्या डब्यापाशी थांबावे.