शेजाऱ्यांशी व्यापार भरवशाचा हवा

वरूड-मोर्शीच्या संत्र्याला बांगलादेश ही हक्काची बाजारपेठ होती. त्या देशाने 2019 पासून आयातशुल्क चढवत नेले; 2023 मध्ये ते किलोमागे 88 रुपयांवर गेले. निर्यात रोडावली, माल देशातच साचला आणि बागायतदाराच्या हाती मातीमोल भाव पडला. त्याच वर्षी डिसेंबरात आपण एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात लिलाव थांबले, ढाक्यात कांदा कडाडला. हे दोन्ही देश दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात, म्हणजे ‘साफ्टा’त आहेत!

2004 मध्ये इस्लामाबादेत झालेला हा करार 2006 पासून लागू आहे. तरीही दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. ‘आसियान’मध्ये तो वीस टक्क्यांवर आहे. शुल्क घटले, पण संवेदनशील मालाच्या लांबलचक याद्या आणि वरून लादलेले अधिभार राहिले. सीमेवरचा खोळंबाही संपला नाही. पेट्रापोलहून निघालेला आपला ट्रक पलीकडे बेनापोलला रिकामा होतो आणि तोच माल बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा भरला जातो. नाशवंत फळाला ही हेळसांड सोसत नाही. ट्रक थेट जावेत म्हणून 2015 मध्ये थिंफूत चार देशांचा वाहतूक करार झाला. भूतानने तो मंजूर केला नाही आणि बाकीच्यांचेही घोडे अडले.

दहशतवाद पोसणाऱ्या पाकिस्तानला व्यापारी सवलती देण्याचा प्रश्नच नाही. पण म्हणून ढाका, काठमांडू, कोलंबोशी होणारा व्यवहार अडून राहू नये. श्रीलंकेशी आपला स्वतंत्र करार 2000 पासून चालू आहे. तिकडून दुसऱ्याच देशांची मिरी येते, ही केरळच्या उत्पादकांची तक्रार रास्त आहे. मात्र तिच्यावर उपाय मालाच्या उगमाची कसून तपासणी हा आहे, करार गुंडाळणे हा नव्हे.

बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्यानंतर त्याला भारतात मिळणाऱ्या शुल्कमुक्त प्रवेशाचा आधार उरणार नाही. संबंध ताणलेले असले तरी नव्या द्विपक्षीय कराराची बोलणी आताच नेटाने करायला हवीत. त्या करारात शेतमालावर पूर्वसूचनेशिवाय निर्यातबंदी किंवा शुल्कवाढ करणार नाही, हे कलम दोन्ही बाजूंना बांधील असावे. सर्वांत मोठा देश म्हणून त्याची सुरुवात भारताने करावी. आपण आपल्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडणार नाही, ही हमी दिली तरच आपल्या शेतकऱ्यासाठी तशीच हमी हक्काने मागता येईल.