छातीसमोरची नळी

घरातला फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्यांदा त्यात जाड तांब्याची तार ठोकून देणारे महाभाग आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. तार टिकते, दिवे लागतात आणि 'कायमची कटकट मिटवली' असे समाधानही पदरात पडते. फ्यूजची तार वितळते ती तिच्यात खोट असते म्हणून नव्हे. वेळेवर वितळणे हेच तिचे काम. हे अशा माणसाला पटवणे मोठे कठीण असते. प्रेशर कुकरच्या झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचीही तीच कथा. मोटारीतही असा एक भाग आहे. तो चालकाच्या छातीसमोर असतो, आणि हौसेने रेसच्या गाड्या बांधणारी मंडळी नेमका त्याच्यावरच जाड तारेचा प्रयोग करतात.

हा भाग म्हणजे स्टिअरिंग कॉलम. चालकाच्या हातातले चाक आणि पुढची चाके वळवणारी यंत्रणा यांना जोडणारा दांडा. जुन्या काळी हा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ आणि एकसंध असे. गाडी समोरून आदळली की पुढचा पत्रा चेपत मागे येई, त्याबरोबर यंत्रणा मागे सरके आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या दिशेने येई. चालक त्याच क्षणी पुढे फेकला गेलेला असे. दोघांची गाठ कुठे पडत असेल, ते सांगायला नको.

हा दांडा वेळ आली की चेपलाच पाहिजे, ही कल्पना काही काल-परवाची नाही. मर्सिडीज-बेंझचे बेला बारेनी अनेक वर्षे या विषयाच्या मागे होते. त्यांच्या कंपनीने १९६७ मध्ये सुरक्षित कॉलम गाड्यांत बसवायला सुरुवात केली. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकात मोटार कंपन्यांची सालटी काढली होती. १९६७ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने चेपणारे कॉलम आणले आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथे कायदाच लागू झाला: ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी कॉलम १२७ मिलिमीटरहून, म्हणजे पाच इंचांहून अधिक मागे येता कामा नये. १९८१ साली तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने हिशेब मांडला, तेव्हा समोरच्या धडकेत चालक दगावण्याचा धोका या बदलांमुळे सुमारे बारा टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. एका नळीकडून याहून काय जास्त अपेक्षा करायची?

या नळीकडे अभियंत्याची मागणी मात्र मोठी विचित्र असते. पिळली तर तिने तसूभरही हार मानायची नाही. गाडी वळणार की नाही, हे त्यावर ठरते. पण टोकाकडून ढकलली तर तिने मुकाट्याने आत शिरायचे. घडीच्या छत्रीचा दांडा आठवा. दाबला की नळीत नळी शिरते. पण त्या नळ्या गोल असल्या तर पिळताना एकीत एक नुसती फिरेल, म्हणून कॉलमच्या नळ्यांना दाते कापलेले असतात किंवा बाजूने त्या सपाट केलेल्या असतात. दोन नळ्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या छोट्या खुंट्या. रोजच्या वापरात त्या नळ्यांना जागच्या जागी धरून ठेवतात, धडक बसली की कापल्या जातात. पुढे घर्षण, गोळ्यांची घसट किंवा पत्र्याची घडी धडकेचा जोर खाऊन टाकते. जनरल मोटर्सच्या पहिल्या कॉलममध्ये तर जाळीदार पत्र्याची नळी होती. ती घडीच्या आकाशकंदिलासारखी चेपत असे. आणखी एक युक्ती म्हणजे दांडा सरळ रेषेत न ठेवता दोन युनिव्हर्सल जॉइंट घालून तिरका करणे. धडकेत मग तो कोपरासारखा दुमडतो.

रेसवाल्यांचा यावरचा आक्षेप मला पाठ झाला आहे. 'आमच्या गाडीत सहा पट्टे असतात हो, चालक जागचा हलत नाही.' चालक नसेल हलत. चाक तर हलते ना? आणि पट्टे ताणले जातात, मान पुढे झुकते, डोक्यावर हेल्मेटचे ओझे असते. फॉर्म्युला वनच्या गाडीत पट्ट्यांची आणि कोशाची काय कमतरता? तरीही तिथल्या नियमांत कॉलमसाठी वेगळी चाचणी आहे. आठ किलो वजनाचा, १६५ मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल सेकंदाला सात मीटर वेगाने स्टिअरिंगवर आदळवतात. त्या गोलाला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ८० पटींवर एकूण तीन सहस्रांश सेकंदांहून जास्त काळ राहता कामा नये आणि चेपायचे ते मुख्यतः कॉलमनेच. शिवाय आदळल्यानंतरही चाक काढून ठेवण्याची कळ पूर्वीसारखीच चालली पाहिजे. चाक निघाले नाही तर तेवढ्याशा बिळातून चालक बाहेर पडणार कसा? हे शेवटचे कलम ज्याने लिहिले, त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

थोडे गणित करू. सेकंदाला सात मीटर हा वेग अडीच मीटरवरून पडलेल्या वस्तूचा. तो गोल एका सेंटिमीटरमध्ये थांबवला तर हिसका सरासरी २५० पट. सात सेंटिमीटरमध्ये थांबवला तर साधारण ३६ पट. सगळा खेळ त्या सहा सेंटिमीटरचा आहे.

आता दुसरी बाजू. दांडा आत शिरावा हे खरे, पण पिळताना त्याने दगा देता कामा नये. १ मे १९९४ रोजी इमोलाच्या तांबुरेलो वळणावर आयर्टन सेना यांची विल्यम्स गाडी भिंतीवर गेली, हे रेसची आवड नसलेल्यांनाही ठाऊक असते. त्या गाडीच्या आत जागा अपुरी पडते अशी सेना यांची तक्रार होती. म्हणून कॉलम कापून मधे कमी व्यासाचा तुकडा वेल्डिंगने जोडला होता. अपघातानंतर कॉलम त्या भागात मोडलेला आढळला. त्यांचा जीव गेला तो डोक्याच्या जखमेने. सुटलेले चाक आणि सस्पेन्शनचे भाग हेल्मेटवर आले होते. कॉलम आधी मोडला की भिंतीवर आदळून, यावर इटलीत वर्षानुवर्षे खटला चालला. १९९७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पुढे अपिले झाली, आणि २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपघाताचे कारण कॉलममधला सदोष बदल हेच मानले. जबाबदारी तांत्रिक संचालक पॅट्रिक हेड यांची ठरवली, मात्र मुदत उलटून गेल्यामुळे शिक्षा नाही. आरोपींपैकी एक असलेले, आणि पुढे निर्दोष ठरलेले, डिझाइनर एड्रियन न्युई यांनी २०११ साली एका मुलाखतीत मान्य केले, की कॉलमला थकव्याच्या भेगा होत्या, रचना वाईट होती आणि तो कधी ना कधी मोडलाच असता; त्या दिवशी आधी काय झाले हे मात्र कुणालाच नक्की कळणार नाही.

जगातल्या सर्वात पैसेवाल्या कारखान्यांपैकी एकात ही गत. मग आपल्याकडची मुले?

माझी नोकरीची वर्षे पिंपरी-चिंचवड परिसरात स्टिअरिंगचेच भाग तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले आपल्या गाड्या बघायला बोलावतात. कुणाची पिथमपूरच्या बाहासाठी, कुणाची कोइमतूरच्या फॉर्म्युला भारतसाठी. मुले हुशार आणि कष्टाळू. रात्र-रात्र जागून सायलेन्सर घडवतात, वजनातले दोनशे ग्रॅम कमी केल्याचा आनंदोत्सव करतात. इंजिनाविषयी विचारा, तासभर बोलतील. स्टिअरिंगच्या दांड्याविषयी विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एका गाडीत लेथवर ओढलेली भरीव सळई होती, रॅकपासून चालकाच्या बरगड्यांपर्यंत सरळ. 'मजबूत आहे सर,' असे अभिमानाने सांगितले. जाड तांब्याची तारच ती!

दुसऱ्या एका गाडीत कॉलम चेपणाराच होता, भंगार बाजारातून आणलेला. विचार चांगला, पण तो बसवताना तिथेच पाणी सोडले होते. दोन नळ्यांच्या सांध्यातला प्ले जावा म्हणून सांध्यावरच वेल्डिंगचा टाका मारला होता. एका टाक्याने कॉलमची सळई झाली. शिवाय त्या उष्णतेत आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या कधीच वितळल्या असणार.

भंगारातला कॉलम घेताना आधी त्याची लांबी नव्या कॉलमशी ताडून पाहावी. धडक खाल्लेल्या गाडीतला असेल तर तो उडालेला फ्यूज आहे. त्याचे काम झाले. वेल्डिंग सरकणाऱ्या भागापासून दूर करावे, आणि शक्य असेल तिथे टाळूनच द्यावे. ब्रॅकेटचा पट्टा दोन्ही नळ्यांना एकदम आवळत नाही ना, हे पाहावे. बेअरिंगची कड किंवा डॅशबोर्डची पट्टी वाटेत आडवी येत असेल, तर आठ सेंटिमीटर आत जाऊ शकणारा कॉलम दोनच सेंटिमीटरवर अडतो आणि कागदावरचे सगळे गणित वाया जाते. मला सर्वाधिक वेळा दिसलेला दोष हाच. दोन युनिव्हर्सल जॉइंटांचे काटे एकमेकांशी जुळवून घ्यावेत, नाहीतर चाक वळताना कधी जड, कधी हलके लागते. मग मुले पुन्हा वेल्डिंगकडे धावतात.

मुले म्हणतात, नियमपुस्तकात इतके मागितलेले नाही. नसेलही. नियमपुस्तक ही किमान पातळी असते, आणि गाडी चालवणार आहे तो विशीतला मुलगा किंवा मुलगी कुणाच्या तरी घरची आहे. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांकडे आणि महाविद्यालयांकडे माझे मागणे आहे. गाडी तपासणीला येईल तेव्हा तिच्यासोबत त्याच बनावटीचा, त्याच ब्रॅकेटमध्ये बसवलेला आणखी एक कॉलम आलाच पाहिजे, आणि तो चेपलेला असला पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहित्य दाबून-ताणून पाहण्याचे यंत्र असते. त्यावर एक कॉलम पिळून बघण्याची सोय नसेल तर ती लेथच्या चकात आणि एका लांब पान्याने होते. धडकेची चाचणीही परवडणारी आहे: सरळ उभ्या पाइपातून आठ किलोचे वजन अडीच मीटरवरून कॉलमवर सोडायचे आणि नळी किती आत गेली ते पट्टीने मोजायचे. याला प्रमाणपत्र म्हणणार नाही कुणी. त्यासाठी पुण्यात एआरएआय आहे. पण नळी आत सरकते की अडते, एवढे त्या एका दुपारी डोळ्यांना दिसते. खर्च एका जादा कॉलमचा. सायलेन्सरवर याहून जास्त गेलेला असतो.