जीजे-05 ची गाडी खरंच स्वस्त पडते का?

आपल्या खान्देशातलं निम्मं गणगोत सुरतला. त्यामुळे "तिकडे गाडी स्वस्त मिळते" हे पाचोऱ्यात कायम ऐकू येतं. मीही दुकानासाठी तिकडूनच जुनी कार आणली. भाव घासून घेतला, पण कागदपत्रांचा खर्च धरलाच नाही. बीबीए करून ही गत!

माझं स्पष्ट मत आहे, इकडचा नंबर पडेपर्यंत गाडीची खरी किंमत कळत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. मग इकडच्या आरटीओत नव्या नंबरचा अर्ज आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तिकडच्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण इथला आधी आपल्या खिशातून जातो. माझे दिवाळीच्या मालाचे पैसे त्यातच अडकले.

"12 महिने कोण विचारतं?" असं म्हणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 ची ती मुदत नव्या नंबरसाठी आहे, टॅक्समाफी नव्हे.

2021 मध्ये बीएच सिरीज आली. ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांना. धंद्यासाठी राज्य बदलणारा छोटा दुकानदार त्यात कुठेच नाही. हे मला अजिबात पटत नाही.

लायसन्सचं सोपं आहे. ते भारतभर चालतं, फक्त सारथी पोर्टलवर पत्ता बदलून घ्या.

आणि एनओसी विकणाऱ्यानेच काढून द्यायची, हे सौदाचिठ्ठीवर लिहून घ्या. मी तोंडी बोलण्यावर राहिलो होतो.